भोपळा मिळाला? मस्तच!

शाळेत पेपरावर आला की घरी फटके, पानात आला की आपलं तोंड वाकडं. तोच भोपळा सध्या जाम फॉर्मात आहे, बॉस! म्हणजे अख्खा भोपळा नाही, त्याच्या पोटातल्या बिया. जिमच्या काउंटरवर त्या, कॉफी शॉपच्या मफिनवर त्या, दिवाळीला एचआरवाल्यांनी दिलेल्या गिफ्ट बॉक्समध्येही त्याच. आणि त्यांना 'भोपळ्याच्या बिया' म्हणायचं नाही हं! 'पम्पकिन सीड्स' म्हणायचं. भोपळ्याच्या बिया म्हटलं की आजीची पत्र्याची डबी आठवते, पम्पकिन सीड्स म्हटलं की थेट स्किनी जीन्स. नाव बदललं की भावही बदलतो, हे वेगळं सांगायला नकोच.

संध्याकाळी पाचची भूक हा आपल्या सगळ्यांचाच वीक पॉइंट. लंच पचलेलं असतं, डिनर लांब असतं, आणि क्लायंटचा कॉल नेमका साडेपाचला असतो. अशा वेळी खाली टपरीवर जाऊन वडापाव हाणणं हा बेस्ट ऑप्शन आहे, यावर माझं आजही ठाम मत आहे. पण तो रोज नाही ना परवडत, पोटाला म्हणा किंवा कमरेला म्हणा. म्हणून मग ड्रॉवरमध्ये एक डबी. त्या डबीत काय भरायचं, कुठून आणायचं आणि किती पैसे मोजायचे, हा आजचा विषय. कारण गेल्या महिनाभरात मी मंडईपासून मॉलपर्यंत बियांच्या मागे भटकलेय आणि बरीच गंमत हाती लागलीय.

पहिली गंमत म्हणजे रंग. आपण भोपळा कापतो तेव्हा बी निघते पांढरी, जाड सालीची. आणि पाकिटात असते ती हिरवीगार, चपटी, सालच नसलेली. मला कित्येक वर्षं वाटायचं की ही कुठली तरी फॉरेनची वेगळी भानगड असणार. ते अर्धंच खरं आहे. पांढरी साल फोडली की आत हिरवाच गर असतो, म्हणजे आपल्या लाल भोपळ्यातही तो असतोच. कारखान्यात मशीनवर साल काढून तो वेगळा करतात. पण काही भोपळे असेही आहेत की ज्यांच्या बीला टणक साल येतच नाही! ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात साधारण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी निसर्गानेच हा चमत्कार केला. एका जातीत बदल झाला आणि बीवरची लाकडासारखी साल जाऊन नुसता पातळ पापुद्रा उरला. तिथल्या शेतकऱ्यांनी ती जात जपली. आज तिच्यापासून काढलेलं काळपट हिरवं तेल तिथले लोक सॅलडवर घालतात, आणि 1996 पासून त्या तेलाला युरोपात आपल्या हापूससारखं भौगोलिक मानांकन आहे.

तसं बघायला गेलं तर या सगळ्या खानदानाचं मूळ गाव मेक्सिको. तिथल्या ओआहाका राज्यात गिला नाकित्स नावाची एक गुहा आहे. तिथे माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या, आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या निघाल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या. मक्याच्याही आधी माणसाने तिथे भोपळा लावला होता. गंमत म्हणजे जुन्या रानटी भोपळ्यांचा गर इतका कडू की तोंडात धरवणार नाही, त्यामुळे सुरुवातीला लोकांना भोपळ्यात इंटरेस्ट होता तो बियांसाठीच, असं मानतात. म्हणजे भाजी नंतर आली, टाइमपास आधी! मेक्सिकोत आजही या बियांना 'पेपिता' म्हणतात, रस्त्यावर भाजून विकतात, वाटून रश्श्यात घालतात. आपल्याकडे लाल भोपळा आला तो युरोपियन व्यापाऱ्यांच्या मागोमाग, बटाटा-मिरचीच्या पंगतीतला पाहुणा म्हणून. आणि मग इतका मुरला की कुठे डांगर झाला, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ, आणि लेकीकडून परत निघालेल्या म्हातारीचं वाहनसुद्धा.

आता खरेदी. इथे डोकं शाबूत ठेवून जायचं.

मंडईजवळच्या एका सुकामेव्याच्या दुकानात मी 'भोपळ्याच्या बिया' मागितल्या तर काकांनी समोर पांढऱ्याशुभ्र चपट्या बियांची थैली ठेवली. "हे घ्या मगज, एकदम फ्रेश." आता मगज वाईट नाही, थंडाईत, मुखवासात, हॉटेलच्या पांढऱ्या ग्रेव्हीत तोच असतो. पण सोललेला पांढरा मगज बहुतेक वेळा टरबुजाचा नाही तर खरबुजाचा असतो. 'चारमगज' म्हणजे टरबूज, खरबूज, काकडी आणि भोपळा या चौघांचं मिक्श्चर, त्यातही भोपळा हा चौथा भिडू. तेव्हा सोललेली भोपळ्याची बी हवी असेल तर रंग हिरवा हवा, हे पक्कं. मी "काका, हिरव्यावाल्या" म्हटल्यावर ते हसले आणि मागच्या फळीवरची बरणी काढली. "असं सांगा ना ताई, पम्पकिन पाहिजे म्हणून!" घ्या! मराठीत मागितलं तर मगज, इंग्रजीत मागितलं तर भोपळा.

सुटा माल घेताना लाजायचं नाही, दोन बिया तोंडात टाकायच्याच. चांगली बी गोडसर, लोण्यासारखी लागते. घशाशी खवखवली किंवा जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर ती खवट झालीय, सरळ "नको" म्हणा. या बियांमध्ये जवळजवळ निम्मं तेल असतं आणि तेही लवकर खराब होणाऱ्या जातीचं, त्यामुळे काचेच्या बरणीत उन्हात चमकणारा माल दिसायला छान, खायला बेकार. पिवळट, तपकिरी, तुटक्या बिया जास्त असतील, तळाशी भुगा दिसत असेल, तरी नको. आणि चुकून एखादी बी कडूजहर लागली तर थुंकून टाका, हिरोगिरी करत गिळू नका. काकडी-दुधी-भोपळ्याच्या कुटुंबात कुकरबिटॅसिन नावाचं कडू द्रव्य असतं, ते पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. कडू दुधीचा रस पिऊ नका असं डॉक्टर सांगतात ना, त्यातलाच हा प्रकार.

पाकीट घेत असाल तर पुढची बाजू बघूच नका. पुढे 'सुपरफूड' लिहिलेलं असतं, हिरवं पान काढलेलं असतं, एखादी योगा करणारी मुलगी असते. पाकीट उलटं करा. मागे एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर आहे का, पॅकिंगची तारीख कधीची, आणि मूळ देश कोणता, हे बघा. आपल्याकडच्या बऱ्याच हिरव्या बिया चीनमधून येतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, चीन हा या बियांचा मोठा उत्पादक आहे आणि तिकडे लोक पिढ्यानपिढ्या दातांनी बिया फोडत गप्पा ठोकतात. फक्त 'आमच्या मातीतलं' वगैरे मजकूर वाचून जास्तीचे पैसे मोजू नका, एवढंच. 'रोस्टेड अँड सॉल्टेड' असेल तर सोडियमचा आकडा शोधा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळतं. शंभर ग्रॅममध्ये 600 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दिवसभराची लिमिट आहे पाच ग्रॅम. आणि 'सीड मिक्स' नावाच्या पाकिटात घटकांची यादी नीट वाचा. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, असा नियम आहे. माझ्या हातात आलेल्या एका पाकिटावर फोटो भोपळ्याच्या बियांचा होता, यादीत पहिलं नाव सूर्यफुलाचं आणि दुसरं जवसाचं!

भावाचं म्हणाल तर मी फिरले तेव्हा सुट्या हिरव्या बिया किलोला सहाशेच्या आसपास होत्या, आणि झिपवाल्या देखण्या पाकिटात त्याच बिया किलोच्या हिशेबाने हजार-बाराशेला पडत होत्या. पुण्यात मार्केट यार्डाचा भुसार विभाग, मुंबईत मस्जिद बंदर नाही तर क्रॉफर्ड मार्केट, एक शनिवार सकाळ काढून चक्कर मारलीत तर फरक खिशाला कळेल. पण एकदम किलोभर उचलू नका. पाव किलो घ्या, संपवा, पुन्हा जा.

आता थोडं सिरियस. कारण या बियांच्या नावावर जे काही खपवलं जातंय ते ऐकून माझी सटकते.

माझी रूमी आयटीत आहे, टेस्टिंगमध्ये. गेल्या वर्षी तिला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना धाप लागायला लागली. केस तर अख्ख्या फ्लॅटभर. ब्लड टेस्ट केली, हिमोग्लोबिन 8.9. बाईचं किमान 12 तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की तिला मळमळायचं, पोट बिघडायचं. तेवढ्यात कुठून तरी फॉरवर्ड आला, 'गोळ्या फेका, भोपळ्याच्या बिया खा, महिन्यात रक्त वाढवा.' झालं! गोळ्या कपाटात आणि बिया टेबलावर. रोज संध्याकाळी वाटीभर बिया आणि सोबत आलं घातलेला कडक चहा. दीड महिन्याने पुन्हा टेस्ट केली तर आकडा 8.7. बिया खाऊन खाऊन वजन मात्र दोन किलो वाढलेलं.

मी तिच्यासोबत क्लिनिकमध्ये होते. डॉक्टर मॅडम चिडल्या नाहीत, त्यांनी पॅड ओढलं आणि गणित मांडलं. तीस ग्रॅम बियांमध्ये, म्हणजे सपाट चार टेबलस्पूनमध्ये, लोह साधारण अडीच मिलिग्रॅम. आपल्या वयाच्या बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम, हा आयसीएमआरचा 2020 मधला आकडा. नुसत्या बियांवर भागवायचं तर दिवसाला सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम खायला लागतील, म्हणजे अठराशेहून जास्त कॅलरी. बरं, हे झालं निरोगी बाईचं. जिचं खातं आधीच ओव्हरड्राफ्टमध्ये आहे तिला जास्तच लागणार. शिवाय बियांतल्या फायटिक अॅसिडमुळे त्यातलं लोह शरीराला पुरतं मिळतच नाही, आणि वर चहा प्यायला की उरलंसुरलंही अडतं. "म्हणजे तू रोज एका हाताने भरत होतीस आणि दुसऱ्या हाताने ओतत होतीस," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी गोळी बदलून दिली, रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, चहा-कॉफी आजूबाजूला तासभर तरी नाही. आणि मुख्य म्हणजे रक्त कमी का झालं ते विचारलं. पाळीत खूप रक्तस्राव होत होता, जो तिने 'असतंच की' म्हणून कधी कुणाला सांगितलाच नव्हता. त्यावर वेगळे उपचार झाले. तीन महिन्यांनी 11.6. तरीही गोळ्या लगेच बंद नाहीत, शरीरातला साठा भरायचा असतो म्हणून आणखी तीन महिने. आता ती जिने चढते आणि वर पोचल्यावर मलाच म्हणते, "काय गं, दमलीस?"

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण 2019 ते 21 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका अॅनिमिक निघाल्या. म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त जणी असू शकतात. आणि त्याच ग्रुपवर 'सीड सायकलिंग'चा चार्टही फिरत असतो ना? महिन्याचे पहिले पंधरा दिवस जवस आणि भोपळा, पुढचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफूल, की हॉर्मोन्स एकदम लायनीवर. त्याला भक्कम पुरावा नाही. खायचं तर खा, नुकसान काही नाही, पण डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्याच्यासाठी कॅन्सल करू नका.

मग बियांत आहे तरी काय? बरंच काही आहे हो! त्याच तीस ग्रॅममध्ये नऊ ग्रॅम प्रोटीन, दोन मिलिग्रॅमच्या वर झिंक, आणि पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम. यातलं मॅग्नेशियम हे खरं रत्न, शेंगदाण्यापेक्षा तिपटीहून जास्त. पण नुसत्या प्रोटीनसाठी खात असाल तर आपला शेंगदाणा याच्या अगदी जवळ आहे आणि किमतीत पाव. कॅलरीही दोघांच्या जवळपास सारख्या, तीस ग्रॅमला एकशे सत्तरच्या आत-बाहेर. तेव्हा महिनाअखेरीला खिसा रिकामा असेल तर शेंगदाणे भाजा आणि अजिबात मनाला लावून घेऊ नका. चव मात्र चव आहे. ती कुरकुरीत, किंचित दुधाळ चव शेंगदाण्याला नाही.

आता माझा आवडता भाग. फुकटातल्या बिया!

भाजीवाल्या मावशींकडे भोपळ्याची फोड घेताना त्या सुरीने सर्रकन बिया खरवडून खाली पाटीत टाकतात. मी म्हटलं, "मावशी, त्या बियापण द्या ना." त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. "काय लावणार हायेस का कुठं?" "नाही, खाणार आहे." मावशींनी शेजारच्या मावशींना हाक मारून ही बातमी दिली, दोघी पोटभर हसल्या आणि मला पिशवीभर बिया मिळाल्या. "आम्ही लहानपणी ह्येच खायचो की गं," असं जाता जाता त्याच म्हणाल्या. तेव्हा विचारायला लाजू नका. फक्त पिकलेल्या, आतून गडद केशरी भोपळ्याच्या घ्या आणि बोटाने दाबून बघा. कोवळ्या भोपळ्याच्या बिया पोकळ असतात, नुसती साल.

घरी आणून त्या पातेलंभर पाण्यात टाका आणि हाताने चोळा. बी वर तरंगते, गराचे धागे सुटतात. मग वाटीभर बियांना दोन वाट्या पाणी आणि चमचाभर मीठ घालून दहा मिनिटं उकळा. ही स्टेप बरेच जण गाळतात, पण मीठ सालीच्या आत पोचतं ते यामुळेच. नुसतं वरून मीठ भुरभुरलं तर ते सालीला लागतं, आणि साल आपण थुंकून देतो. उकळून झालं की निथळून जुन्या सुती पंचावर पसरा, रात्रभर पंख्याखाली. पूर्ण वाळू द्या, ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते. कागदावर पसरू नका, त्याला चिकटून बसतात. सकाळी ओटीजीत 160 डिग्रीवर वीस-पंचवीस मिनिटं, मधे दोनदा हलवून. ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई आणि मंद आच. घाई केली तर साल करपते आणि आतली बी कच्चीच राहते. एक फोडून बघायची, कुरकुरली की बंद.

आणि सोलायचं कसं? दातांनी, अर्थातच! मॅच बघता बघता. ज्यांना दातांची काळजी आहे त्यांनी नेलकटर वापरावा, वेगळा ठेवलेला हं, बीची कड कापली की साल सुटते. वाटीभर सोललेला गर जमवायचा तर अख्खी मॅच लागते, वन डे. टी-ट्वेंटीत होत नाही. सालीसकट चावून खाणारेही असतात, दोन-चार खाल्ल्या तर काही बिघडत नाही. पण वाट्याच्या वाट्या सालीसकट चापल्या तर पोट असं काही जाम होतं की विचारू नका.

विकतच्या हिरव्या बियांचं काम सोपं. कोरड्या कढईत मंद आचेवर सहा-आठ मिनिटं. त्या फुगायला लागतात, मधूनच तडतडतात, एखादी उडून ओट्यावरही येते. कडा सोनेरी दिसल्या की लगेच ताटात काढा, कढईतच ठेवल्या तर गरम बुडावर भाजत राहतात आणि कडवट होतात. मसाला चिकटायला तेलाचे चार थेंब पुरतात. तिखट, हिंग आणि हळद गॅस बंद करता करता, गरम बियांवर. चाट मसाला आणि काळं मीठ मात्र ताटात काढल्यावरच, नाही तर त्यातला आमचूर जळून सगळं आंबट-कडू होतं. माझं फेव्हरिट कॉम्बिनेशन म्हणजे कढीपत्ता. आधी पानं कढईत कुरकुरीत करून चुरायची, मग बिया, मग मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर. चिवड्याची चव, चिवड्याचं तेल नाही. आणि खायच्या आधी लिंबू पिळलंत तर त्यातलं व्हिटॅमिन सी लोहाला थोडी मदतही करतं. लिंबू मात्र वाटीतच, डब्यात नाही. एका रात्रीत सगळ्या मऊ पडतात.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. भाजलेल्या बिया बाहेर दहा-बारा दिवस छान राहतात, कच्च्या फ्रिजमध्ये ठेवा. आणि ऑफिसात न्यायच्या तर छोटी डबी न्या, रोजच्या चार चमच्यांची. मोठा डबा टेबलावर दिसला की शेजारच्या क्युबिकलमधले हात आपोआप लांब होतात, आणि आपल्या वाट्याला खरोखरच भोपळा येतो.